गावी जाऊन पैशाशिवाय जगता येईल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही हिंजवडीत नोकरीला, वय 34, घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी, खटाव तालुक्यात वडिलोपार्जित दोन एकर. नोकरीचा वीट आलाय. जर्मनीतल्या हायडेमारी श्वेर्मर 1996 पासून पैशाशिवाय राहिल्या हे वाचल्यापासून तुमच्या डोक्यात एकच घोळतंय: आपल्याकडे, गावात हे जमेल का? पैसा पूर्ण बंद करायचा तर सुरुवात कुठून करायची? आणि शेवटी, आयुष्यात खरं मोल कशाला?

मी सांगली जिल्ह्यातली, पलूस तालुक्यातली, कृष्णाकाठची. 2003 साली मिस्टरांची सूतगिरणीतली नोकरी गेली आणि आम्ही इचलकरंजीची खोली सोडून सासरी परत आलो. तेव्हापासून कमीत कमी रोखीवर घर चालवतेय. त्यातली पहिली तीन वर्षं तर रोख जवळजवळ बंदच करायची असं आम्ही ठरवून बघितलं होतं. म्हणून आधी उत्तर देऊन टाकते. घरात लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल तर पैसा पूर्ण बंद करता येत नाही. केला तर त्याची किंमत आपण नाही, ते लेकरू नाहीतर ते म्हातारं माणूस मोजतं. पण खर्चाचा मोठा भाग पैशाच्या बाहेर काढता येतो, आणि तो काढला की आयुष्य खरंच बदलतं. किती काढता येईल हे पाणी किती, जमिनीवर ताबा कुणाचा, अंगावर कर्ज किती आणि गावात तुमची पत काय, यावर ठरतं. माझं गणित बागायती कृष्णाकाठाचं आहे, तुमचं पर्जन्यछायेतल्या खटावचं. ते जसंच्या तसं उचलू नका.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. तुम्ही लिहिलंय, "पगार माझ्या खात्यात एका रात्रीच्या मुक्कामाला येतो, सकाळी हप्ते त्याला घेऊन जातात." मला वाटतं खरं दुखणं हे आहे. तुम्हाला पैसा नकोय असं नाही. तुमची पुढची वीस वर्षं आधीच विकली गेलीत, आणि ती परत हवीत. हे दुखणं वेगळं आहे आणि त्यावरचा उपायही वेगळा आहे. फ्लॅटचं कर्ज अंगावर ठेवून गावी आलात तर हप्ता तुमच्या मागोमाग गावी येईल, आणि तिथे तो फेडायला पगार नसेल. त्यामुळे पहिलं काम कर्ज. फ्लॅट विकून फिटत असेल तर विका, नाहीतर फिटेपर्यंत नोकरी करा. त्याआधी बाकी काही ठरवू नका.

आता श्वेर्मर बाईंबद्दल. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी आधी डॉर्टमुंडमध्ये देवाणघेवाणीचं मंडळ उभं केलं, मुलं मोठी झाल्यावर घर सोडलं, सामान वाटून टाकलं आणि लोकांच्या घरी राहून त्यांची कामं करून दिली. पण त्या ज्या घरांत राहिल्या त्यांचं भाडं आणि वीजबिल कुणीतरी पैशातच भरत होतं. आपल्याकडे विनोबांनी वर्ध्याजवळच्या पवनारला कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग केला. हाताने रहाट ओढून विहिरीचं पाणी काढलं, बैलाशिवाय शेती केली. हेच विनोबा 1917 मध्ये वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला राहिले होते, म्हणजे आपल्या मातीशी त्यांचं नातं आहे. तो प्रयोग थोरच. पण तो आश्रमातल्या ब्रह्मचाऱ्यांचा होता. कुणाच्या मुलीची शाळेची फी त्यात नव्हती. संसारी माणसाने त्यातून धीर घ्यावा, नकाशा घेऊ नये.

मग पैशाशिवाय नक्की काय चालतं? मी तुम्हाला पैरा सांगते, म्हणजे एकमेकांच्या रानात पाळीपाळीने, पैसे न घेता काम करणं. तुमच्याकडे त्याला सावड म्हणत असतील.

फाल्गुनात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढायला येतो. आम्ही शाळू मुळासकट उपटतो. काळी रानं तोवर भेगाळलेली असतात. ताट दोन्ही हातांनी बुडात धरायचं, अंगाला पिळा देऊन खेचायचं, मुळाची माती पायावर आपटून झाडायची आणि आडवं टाकायचं. पहाटे दवात काम हलकं जातं, म्हणून आम्ही चांदण्यातच रानात पोचतो. नऊ वाजले की पानांची कूस मानेला आणि कोपराला चावायला लागते. दुपारी भाकरी मोडताना तळहात चरचरतात. हे काम एकट्याने केलं तर वीस दिवस पुरत नाही, आणि तोवर पाखरं निम्मं दाणं नेतात. आमची अकरा घरं आहेत. आज माझं रान, उद्या तिचं. एका माणसाचा एक दिवस म्हणजे एक पैरा. लिहून कुणी ठेवत नाही, पण कुणाचे किती पैरे कुणावर आहेत हे अकराही घरांना पाठ असतं.

यात पैसा कुठेच नाही. पण देणं आहे, आणि ते पैशाच्या देण्यापेक्षा जड आहे. मजुराला हजेरी दिली की हिशोब तिथेच मिटतो, उद्या तो कुणाच्याही रानात जाईल आणि तुम्ही कुणालाही बोलवाल. पैऱ्याचा हिशोब मिटत नाही, पुढच्या वर्षावर जातो. कंबर धरली, पाहुणे आले, पोरीची परीक्षा आहे, यातलं कुठलंही कारण चालत नाही. आपण नाही गेलो तर आपल्या बदली घरातलं दुसरं माणूस पाठवायचं. पैसा सोडल्यावर स्वातंत्र्य मिळेल असं तुम्ही लिहिलंय. मला तसा अनुभव नाही. बांधलेपण राहतंच. आधी आपण बँकेला बांधलेले असतो, नंतर माणसांना. मला माणसांचं बांधलेपण आवडतं, म्हणून मी इथे आहे. तुम्हाला आवडेल का, हे पुण्यात बसून कळणार नाही.

त्याचं मोल काय, हे मला 2006 मध्ये कळलं. पावसाळ्यात सासूबाई गोठ्यात शेणावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सांगलीतल्या एका दवाखान्यात त्यांना नेलं. शस्त्रक्रियेआधी आगाऊ रक्कम भरायची होती आणि आमच्याकडे रोख म्हणून डब्यात अठराशे रुपये होते. कणगीत ज्वारी होती, गोठ्यात दोन म्हशी होत्या, रानात हळद उभी होती. पण काउंटरवर ज्वारी चालत नाही. म्हैस विकून आणि माझ्या भावाकडून हातउसने घेऊन पैसे भरेपर्यंत तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत सासूबाई कशा कण्हत होत्या ते मी अजून विसरले नाही. पैशाशिवाय जगायचा आमचा हट्ट होता, त्यांचा नव्हता.

त्याच दिवसांत घरी काय चाललं होतं तेही सांगते. मी सोळा दिवस दवाखान्यात होते. राहिलेल्या म्हशीची धार, शेणघाण, दोन्ही मुलांचे डबे, हळदीला पाणी, यातलं एकही काम अडलं नाही. मी कुणाला निरोप पाठवला नव्हता. शेजारची एक बाई रोज पहाटे साडेचारला येऊन धार काढून डेअरीला दूध घालत होती. दोन वर्षांपूर्वी तिची सून बाळंत झाली तेव्हा तिचे तीन पैरे माझ्याकडे राहिले होते आणि मी ते मागितले नव्हते. ती ते फेडायला आली असं नाही. तीन पैऱ्यांचे सोळा दिवस होत नाहीत.

त्या पावसाळ्यात दोन गोष्टी एकदम समजल्या. काही कामं पैशाशिवाय होत नाहीत आणि काही कामं पैशाने होत नाहीत. तेव्हापासून आमच्या घरी सहा महिन्यांची रोख पोस्टात बाजूला असते, तिला हात लावायचा नाही असा नियम आहे. आता रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बऱ्याच शस्त्रक्रिया होतात, त्यामुळे गावी येण्याआधी कार्डावर तिघांची नावं नीट करून घ्या. तरीही बाहेरून आणायची औषधं, येण्याजाण्याचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण हे सगळं खिशातूनच करावं लागतं.

आमच्या घरात आज काय विकत येत नाही ते सांगते. ज्वारी, भाजी, दूध, तूप, हळद, शेंगा, तूर, हुलगा. तेलासाठी शेंगदाणे घाण्यावर नेते. घाणेवाला पेंड ठेवून घेतो, त्यातच त्याची मजुरी फिटते. हळदीचं बेणं आम्ही आपसात फिरवतो, या वर्षी दिलं तेवढं पुढल्या वर्षी परत. गॅसची टाकी वर्षातून दोनदा लागते, बाकी गोबरगॅस. पण घाई करू नका. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत, आणि खटावच्या उन्हाळ्यात चार जनावरांचा चारा ही मोठी गोष्ट आहे. रोखीनं काय लागतं? लाइट बिल, घरपट्टी, पाणीपट्टी, मीठ, चहापूड, साबण, कपडे, एसटी, मोबाइलचा रिचार्ज, औषधं, मुलांचं शिक्षण. त्यासाठी दुधाचं दर दहा दिवसांचं बिल आणि हळद. ऊस आम्ही मुद्दाम अर्धा एकरच ठेवलाय. ऊस सगळा रोखीचा, त्यात खायला काही नाही, आणि बिल कधी येईल ते आपल्या हातात नाही.

हे वाचून जुनं गाव किती छान होतं असं वाटू लागेल, म्हणून इथे थांबून एक सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे पैशाशिवाय चालणारी भक्कम व्यवस्था होती. तिचं नाव बलुतं. खळ्यावर सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट सगळ्यांना धान्य मिळायचं. पण महार आणि मांग समाजातल्या माणसांना वर्षभर पडेल ते काम करून कुणाच्या तरी मर्जीने पेंढ्या मिळायच्या. नाही म्हणायची सोय नव्हती. पैशाने मोजलेली मजुरी आली तेव्हा त्या माणसाला पहिल्यांदा गाव सोडून जाता आलं. आमच्या वाड्यातल्या कणगीतूनही बलुतं दिलं जायचं. सासरे अभिमानाने सांगायचे, आम्ही कुणाला उपाशी ठेवलं नाही. घेणाऱ्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईने मला सांगितलं, "पोरी, ओंजळ पुढं करताना मान वर करता येत नव्हती."

आणि हे तुमच्याच तालुक्यातलं. 1901 च्या सुमाराला बाबासाहेब आंबेडकर नऊ-दहा वर्षांचे होते. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. पोरं साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली, खिशात भाड्याचे पैसे होते, पण जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि पोरांनी स्वतःच गाडी हाकायची, या अटीवर एक गाडी मिळाली. डब्यात जेवण होतं, पण वाटेत कुणी पाणी देईना, म्हणून रात्र तशीच काढली. मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवते. जिथे माणसांनी माणसाला बाहेर ठेवलंय तिथे पैसाही अर्धवटच चालतो, आणि पैसा नसता तर तेवढंही मिळालं नसतं. म्हणून तुम्ही गावात देवाणघेवाण सुरू कराल तेव्हा त्यात कोणती घरं नाहीत ते आधी बघा. आमच्या अकरा घरांत सुरुवातीला एकाच आळीची सात होती. बाकीची चार यायला मध्ये सहा वर्षं गेली, आणि ती आली ती एकत्र बसून जेवायला लागल्यावरच. ज्यांच्याकडे रान नाही त्यांना पैऱ्यात ओढत नाही, त्यांना रोख हजेरी देतो. भूमिहीन माणसाचे पैरे फेडायला आपण कुठे जाणार?

दुसरी गोष्ट तुमच्या बायकोची. तुमच्या प्रश्नात "मी" आणि "आम्ही" खूप वेळा आलंय, तिचं मत एकदाही आलेलं नाही. घरातला पैसा कमी झाला की काम वाढतं, आणि ते बहुतेक बाईच्या वाट्याला जातं. दळण, शेणी लावणं, सरपण, वाळवणं, साठवण, चुलीवरच्या भाकरी. गॅस बंद करायचा निर्णय नवरा घेतो आणि धूर बायकोच्या डोळ्यांत जातो. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं. मग मी सांगितलं, धार, शेण आणि दळण तुमच्याकडे. आजही ते मिस्टरच करतात. तुम्ही गावी येण्याआधी एक महिना पुण्यातच, नोकरी सांभाळून, घरातलं सगळं काम तुम्ही करा. सगळं म्हणजे सगळं. महिना संपल्यावर तिला विचारा.

मोल कशाला, हा तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. माझं उत्तर 2019 च्या एकाच वर्षातलं आहे. त्या वर्षी आटपाडी, माण, खटाव भागात कडक दुष्काळ होता, चारा छावण्या लागल्या होत्या. मार्चमध्ये आमच्याकडे ऊसतोड संपत आली होती. आटपाडीकडच्या एका पाहुण्यांच्या गावासाठी आम्ही अकरा घरांनी मिळून दोन गाड्या वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि कडबा पाठवला. पैसे घेतले नाहीत, कारण त्यांच्याकडे नव्हते. ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 आहे. आमचं घर छपरापर्यंत बुडालं, जनावरं सोडून दिली, आम्ही उंचावरच्या एका शाळेत. माझ्या कमरेला पिशवीत नऊ हजार रुपये होते. ते घेऊन काय करणार? दुकान पाण्यात, एटीएम पाण्यात, चहूकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही. चौथ्या दिवशी एक टेम्पो आला. त्यात ज्वारीच्या भाकरी, फडक्यात बांधलेल्या, वर शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची पिंपं. टेम्पो आटपाडीकडचा. भाकरी कडक झाल्या होत्या, कारण त्या बायांनी आदल्या रात्री थापल्या होत्या. एका भाकरीच्या पदरावर बोटांचे ठसे उमटलेले मी बघितले. ज्या गावात मार्चमध्ये जनावराला काडी नव्हती त्या गावाने पीठ कुठून आणलं असेल, हे मी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, आधी खा."

यातलं काही मी ठरवून केलं नव्हतं. वाडं पाठवताना पूर येईल असं कुणाच्या मनात नव्हतं. म्हणून "अशी गुंतवणूक करा" असं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते, की आज माझ्याकडे काय आहे असं कुणी विचारलं तर मी पोस्टातल्या पैशांच्या आधी तो टेम्पो सांगते.

तर तुम्ही काय करावं. कर्ज मिटवा. दोन एकरांचा सातबारा काढा आणि त्यावर नाव कुणाचं, वहिवाट कुणाची हे बघा. वीस वर्षं चुलतभाऊ कसत असेल तर त्याच्यासमोर मोबाइलमधला उतारा धरू नका, आधी त्याच्या घरी जाऊन जेवा. विहिरीला एप्रिलमध्ये किती पाणी असतं ते एप्रिलमध्ये जाऊन बघा. वर्षभर घरातला प्रत्येक खर्च वहीत लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा, हे मी पिकवू शकतो का, कुणाकडून अदलाबदलीत घेऊ शकतो का, की रोखच लागेल. मुलीचं शिक्षण कायम रोखीच्या बाजूला ठेवा, त्यात काटकसर करू नका. आपल्याच सातारा-सांगलीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरची मूठ मूठ धान्य जमवलं, आणि ते कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. सोनं कशासाठी मोडायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आणि राजीनामा देण्याआधी येत्या फाल्गुनात पंधरा दिवसांची रजा टाका. तुमच्या गावातही शाळू असेलच. ज्याचं रान असेल त्याला सांगा, मी काढणीला येतो, हजेरी नको, माझे पैरे तुमच्यावर राहू द्या. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पहाटे पोचा, दुपारची भाकरी त्यांच्यात बसून खा. बायको आणि मुलगीही सोबत असू द्या. पंधरा दिवसांनी पुण्याला परत जा आणि वाट बघा. काही महिन्यांनी गावाकडून कुणाचा तरी फोन येईल, तुमच्या विहिरीची मोटर जळाली तेव्हा आम्ही काढून दुरुस्तीला दिली म्हणून, किंवा नुसतंच कधी येताय म्हणून. तो आला की मला पुन्हा लिहा. तुमच्या बायकोचे काही प्रश्न असतील तर ते तिने स्वतः लिहावेत, मी तिला वेगळं उत्तर देईन.